आगळ, मीठ आणि अडकलेला रिव्हर्स: एका गिअर नॉबचं प्रकरण

मृग लागून आठवडा झाला होता. मालवण-कुडाळ रस्त्यावर चौक्याच्या पुढे आत एका वाडीत राहणाऱ्या निवृत्त गुरुजींचा सकाळी फोन आला. "फुडे जाता, पाठी येना नाय," एवढंच ते म्हणाले.

एरवी मी सांगितलं असतं, हळूहळू गॅरेजवर घेऊन या. पण गुरुजींची गाडी त्यांच्या घराच्या पाणंदीत उभी होती. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, समोर माडाची बाग आणि गाडीचं तोंड बागेकडे. गाडी वळवायला जागाच नाही, बाहेर काढायची तर मागेच घ्यायला हवी, आणि मागे घेणारा गिअर तेवढा पडत नव्हता. पाऊस लागलेला, पाणंदीत चिखल, चार माणसं लावून चढावर ढकलणंही जमण्यातलं नव्हतं. म्हणून हत्यारांची पिशवी घेऊन मीच गेलो.

गाडी २०१४ ची, पाच गिअरची डिझेल हॅचबॅक. हिच्यात रिव्हर्स पहिल्या गिअरच्या डावीकडे वर असतो. चुकून पहिल्याऐवजी रिव्हर्स पडू नये म्हणून मुंडक्याखाली, म्हणजे गिअर नॉबच्या खाली, एक रिंग दिलेली असते. दोन बोटांनी ती वर उचलली की लिव्हर आणखी डावीकडे सरकतो आणि रिव्हर्स पडतो. ती रिंग उचललीच जात नव्हती. बोटाला जेमतेम दोन मिलिमीटर हलल्यासारखी वाटायची आणि तिथेच थांबायची.

हा प्रकार तीन आठवडे वाढत आला होता. आधी रिंग थोडी जड झाली. मग गुरुजींनी एका ओळखीच्या माणसाकडून वरून फवाऱ्याचं तेल मारून घेतलं. दोन दिवस बरं चाललं आणि तिसऱ्या दिवसापासून पहिल्यापेक्षा जड. एका ठिकाणी दाखवल्यावर "गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आठ दिवस गाडी ठेवा" असं उत्तर मिळालं. खर्चाचा आकडा ऐकून गुरुजी गाडी घेऊन घरी आले, पाणंदीत लावली, आणि ती तिथेच अडकली.

दोष वर की खाली

गिअरबॉक्सला हात लावण्याआधी पाच मिनिटांची एक तपासणी करता येते आणि ती प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. इंजिन बंद ठेवायचं, क्लच पूर्ण दाबायचा आणि पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे गिअर एकेक करून टाकून बघायचे. इथे पाचही लोण्यासारखे पडत होते. न्यूट्रलमध्ये लिव्हर सोडला की आपल्या जागेवर परत येत होता. म्हणजे लिव्हरच्या बुडापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबल शाबूत, आणि ज्या खाचांतून लिव्हर फिरतो त्याही मोकळ्या. सगळे गिअर जड असते, किंवा रिंग नीट उचलूनही रिव्हर्स करकरत पडला असता, तर मी खाली बघितलं असतं. जिथे फक्त रिंग अडली आहे तिथे दोष रिंगेतच असणार. तिथवर पोचायला मुंडकं आणि त्याभोवतीची सजावट उतरवावी लागते, बाकी काही नाही.

रिंगेचं काम कसं चालतं ते आधी सांगतो. लिव्हर म्हणजे आत एक पोलादी दांडी. तिच्यावर प्लॅस्टिकची नळी बसवलेली, नळीचं वरचं टोक रिंगेला जोडलेलं. नळीच्या खालच्या टोकाला एक खाच असते, ती रिव्हर्सच्या वाटेतल्या अडणीला धरून असते. रिंग उचलली की नळी दांडीवरून वर सरकते आणि अडण सुटते. काही गाड्यांत नळीच्या जागी बारीक केबल असते, तत्त्व तेच. दांडी आणि नळी यांच्यातली फट नखाच्या जाडीपेक्षाही कमी. त्या फटीत काही शिरलं की सगळा खेळ थांबतो.

मी विचारलं, "गुरुजी, हयसर काय सांडललां काय?"

"सरबत सांडललां. कोकमाचा. वेंगुर्ल्यासून येताना."

कोकम सरबत म्हटल्यावर माझ्या मनात साखरेचा पाक आला. पाक वाळून नळी चिकटली असणार, कोमट पाणी दिलं की सुटेल, असा हिशोब करून मी कामाला लागलो. तो हिशोब अर्धाच बरोबर निघाला.

उतरवताना

सर्वांत आधी चाकं. मुंडकं काढताना लिव्हर न्यूट्रलमध्ये लागतो, आणि कन्सोलची, म्हणजे दोन सीटमधल्या प्लॅस्टिकच्या भागाची, चौकट सुटायला पुष्कळ गाड्यांत हँडब्रेकही वर-खाली करावा लागतो. म्हणजे गाडी धरून ठेवणाऱ्या दोन्ही गोष्टी हातात नसतात. पाणंदीला उतार होता. गडग्यातले सुटलेले दोन चिरे चाकांखाली लावले, गाडी हलवून बघितली आणि मगच लिव्हर न्यूट्रलला आणला.

मग किल्ली काढून १० नंबरच्या पान्याने बॅटरीचा मायनस सोडला. यात आळस नको. एअरबॅगचा कंट्रोल युनिट बऱ्याच गाड्यांत याच कन्सोलखाली, मधल्या उंचवट्यावर बसवलेला असतो. किल्ली चालू ठेवून तिथे ठोकाठोक करणं किंवा वायर ओढणं धोक्याचं. मायनस काढल्यावरही काही मिनिटं थांबायचं, साठलेला करंट उतरू द्यायचा. बॅटरी सोडल्यावर काही गाड्यांचे स्टिरिओ परत चालू होताना कोड मागतात, तो आधी शोधून ठेवावा. गुरुजींच्या स्टिरिओला कोड नव्हता.

लिव्हरभोवतीच्या कातडी बुटाची, म्हणजे झालरीसारख्या आवरणाची, चौकट चार खिट्ट्यांवर बसलेली. स्क्रू ड्रायव्हर घालून ती उचकटली की काळ्या प्लॅस्टिकवर पांढरा ओरखडा कायमचा राहतो. प्लॅस्टिकची ट्रिम पट्टी बाजारात मिळते, पण त्या दिवशी माझ्याकडची मोडलेली होती. गुरुजींच्या पडवीत टोपल्यांसाठी तासलेल्या बांबूच्या कामट्या होत्या. त्यातली एक चपटी घेतली, टोक सुरीने आणखी पातळ केलं, त्यावर सुती फडक्याचा एक पदर घेतला. ओरखडा न पडता चौकट सुटली. मागची कड आधी उचलायची आणि मग चौकट पुढे-वर घ्यायची. मी पहिल्यांदा डावी बाजू उचलली, तर एक खिट्टी कच्चकन तुटली. गाडी दहा वर्षं उन्हात उभी राहिली की हे प्लॅस्टिक ठिसूळ होतं. कुठून उचलायचं याचा अंदाज नसेल तर चारही बाजूंनी बोट फिरवावं. जिथे चौकट किंचित दबते तिथे खिट्टी नाही, सुरुवात तिथूनच करावी.

चौकट सुटल्यावर बूट उलटा करून मोज्यासारखा मुंडक्यावर चढवला. आता रिंगेच्या खाली बुटाचा गळा दिसू लागला, केबल टायने आवळलेला. टाय कापला.

इथे थांबून मुंडकं कसं बसवलं आहे ते बघणं भाग असतं. सगळ्यांना एकच उपाय लावून ओढाताण केली की नुकसान ठरलेलं. आट्यांचं मुंडकं उलटं फिरवून निघतं. होंडाच्या गाड्यांत आटे साधारण १० मिलिमीटरचे आणि १.५ च्या पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर), टोयोटाचे १२ मिलिमीटरचे आणि १.२५ चे. बाजारातून चकचकीत मुंडकं आणून भलत्या आट्यांवर जबरदस्तीने बसवल्याने दांडीचे आटे गेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या अनेक गाड्यांत बूट आणि मुंडकं एकत्रच येतं, बुटाखाली चेपलेला पत्र्याचा क्लॅम्प असतो, तो कापून दोन्ही एकदम वर ओढायचं आणि बसवताना नवा क्लॅम्प लावायचा. रेनोच्या काही गाड्यांत मुंडकं डिंकाने चिकटवून दाबून बसवलेलं असतं, ते सरळ वर जोर लावूनच निघतं. असं मुंडकं ओढताना हनुवटी लिव्हरच्या वर अजिबात नको, कारण ते सुटतं तेव्हा एकदम सुटतं आणि हातासकट तोंडावर येतं. ऑटोमॅटिक गाडीच्या मुंडक्यात बटण आणि कधी वायरही असते, ते गाडीच्या पुस्तिकेतली पद्धत न बघता ओढूच नये.

गुरुजींच्या गाडीचं मुंडकं आट्यांचं होतं, पण हलत नव्हतं. अशा वेळी दोन्ही हातांनी मुंडकं पिळलं की सगळा पीळ दांडीतून खाली लिव्हरच्या बुडाशी असलेल्या प्लॅस्टिकच्या वाटीत जातो. ती वाटी फुटली तर खरंच मोठं काम निघतं. म्हणून रिंगेच्या खाली, जिथे नळी संपून दांडी उघडी दिसत होती तिथे, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ग्रिप प्लायरने दांडी घट्ट धरली. लाइट गेलेली होती, त्यामुळे हेअर ड्रायरचा प्रश्न नव्हता. काकूंनी न्हाणीच्या चुलीवरच्या भाण्यातलं कढत पाणी आणून दिलं. त्यात पंचा बुडवून पिळला आणि मुंडक्याभोवती गुंडाळला. पाच मिनिटांनी पुन्हा, मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला मुंडकं किंचित करकरलं आणि फिरलं. पूर्ण निघेपर्यंत किती वेढे होतात ते मोजले: साडेनऊ. बसवताना हा आकडा लागतो.

फटीत काय होतं

मुंडकं निघालं आणि रिंगेच्या आतला भाग पहिल्यांदा उजेडात आला. मोबाइलची बॅटरी जवळ धरून मी बराच वेळ बघत राहिलो.

पाक सांडला असता तर तिथे तपकिरी, चकाकणारा, बोटाला ओढ लागणारा थर असता. इथे बोट अजिबात चिकटत नव्हतं. नळीच्या तोंडाशी लालसर काळपट डाग होते, आणि त्यांच्या कडेने अगदी बारीक पांढरे कण, पापडखाराच्या भुकटीसारखे. दांडीवर, जिथे नळी तिला वेढत होती, तिथे भगवा गंज फुगून आला होता. तेलाने तो गंज वरून काळा आणि ओला केला होता, पण तेलाच्या खालचे पांढरे कण तसेच कोरडे होते.

लाल डाग कोकमाचा की गंजाचाच, ते कळायला हवं होतं. कोकमातला लाल रंग आंबटात लाल राहतो आणि सोड्यात बदलतो. काकूंकडून खायच्या सोड्याची चिमूट घेतली, वाटीत पाणी केलं, कापसाचा बोळा बुडवून डागावर टेकवला. बोळ्यावर उतरलेला रंग बघता बघता निळसर करडा झाला. गंज असता तर भगवाच राहिला असता. म्हणजे कोकम नक्की. पण साखर नाही.

मी बोळा काकूंना दाखवला आणि विचारलं, बाटलीत नेमकं काय होतं. त्या क्षणभर थांबल्या.

"तां सरबत नाय रे बाबा. ह्येंका सगळां सरबतच. तां आगळ होतां, आयेन दिललां."

तिथे सगळा उलगडा झाला. आगळ म्हणजे रातांब्याचा, कोकमाच्या फळाचा, रस मीठ घालून टिकवलेला, सोलकढीसाठी वर्षभर पुरवायचा. त्यात साखर नसते. मुळात रस आंबट, आणि त्यात एवढं मीठ. माहेरी मे महिन्यात घातलेली ताजी आगळाची बाटली काकूंनी येताना मांडीवर धरली होती. नेरूरच्या अलीकडे एका वळणावर ती निसटली, बूच उडालं आणि थेट गिअरच्या मुंडक्यावर पडली. वरून पुसून घेतलं. रिंगेच्या फटीतून आत उतरलेलं कोणाला दिसणार?

पुढचे तीन आठवडे आगळाने आपलं काम केलं. आंबट रसाने दांडीवरचा पातळ मुलामा खाल्ला. पाणी उडालं, मीठ राहिलं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडे मृगाच्या तोंडावर हवा किती ओली असते ते सांगायला नको. खारट ओलीत पोलाद गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. फट मुळातच नखापेक्षा बारीक, ती भरून गेली.

तेलाने दोन दिवस बरं वाटलं आणि मग बिघडलं, त्याचंही कारण इथेच आहे. मीठ तेलात विरघळत नाही. तेल मिठाच्या कणांवर आणि त्यातल्या ओलीवर झाकण घालतं, घसरण तात्पुरती सोपी होते आणि आत गंजणं चालूच राहतं. किनाऱ्यावरच्या गाड्यांत बिजागऱ्या, सीटचे रूळ, हँडब्रेकची केबल, सगळीकडे मी हेच बघत आलो आहे. आधी मीठ पाण्याने काढायचं, वाळवायचं, आणि मग तेल किंवा ग्रीस. हा क्रम उलटला की मेहनत वाया.

साखर सांडली असती तर कोमट पाण्याने काम संपलं असतं. आगळाला तेवढ्याने पुरत नाही.

साफ करताना

कन्सोलखाली वायर, एअरबॅगचा युनिट, हँडब्रेकचा स्विच आणि पॉवर विंडोच्या बटणांचे कनेक्टर असतात, त्यामुळे पाणी ओतायचं नाही. लिव्हरच्या बुडाभोवती जुन्या पंच्याच्या घड्या चारी बाजूंनी दाबून बसवल्या, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी कापून अंथरली. सुई काढलेल्या सिरिंजने रिंग आणि दांडीच्या फटीत कोमट पाण्याचे थेंब सोडत गेलो. दर पाच-सहा थेंबांनंतर रिंग दोन्ही हातांनी किंचित डावी-उजवी फिरवायची, ओढायची नाही. पहिला अर्धा तास काहीच झालं नाही. गुरुजी शेजारी पाटावर बसून बघत होते, त्यांनी दोनदा विचारलं की गिअरबॉक्स उतरवायचा का. मग नळीच्या बुडातून पहिला लालसर थेंब पंच्यावर पडला. पाणी आरपार पोचलं होतं. त्यानंतर दहा मिनिटांत रिंग फिरू लागली, आणि शेवटी नळीसकट वर निघून हातात आली.

पुढचं काम सोपं. नळी साध्या पाण्यात धुतली, मग पातळ सोड्याच्या पाण्यातून काढली म्हणजे उरलेला आंबटपणा मरेल, आणि परत साध्या पाण्याने. पेट्रोल किंवा थिनरचा बोळा या प्लॅस्टिकला लावू नये, त्याने बारीक तडे जातात. दांडीवरचा गंज ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, उभ्या दिशेने घासला. आडवं घासलं की दांडीवर वळे पडतात आणि नळी त्यांत अडकते. मग दांडीही तशीच सोड्याच्या पाण्याने आणि साध्या पाण्याने पुसून काढली. शेवटी पांढऱ्या फडक्यावर भगवी छटा उतरायची थांबली. आटे जुन्या दात घासायच्या ब्रशने.

वाळवायला घाई केली नाही. पाऊस, लाइट नाही, त्यामुळे चुलीच्या वैलावर गरम केलेल्या कोरड्या फडक्याने दांडी चार-पाच वेळा शेकली आणि अर्धा तास तशीच ठेवली. काकूंनी तोवर पेज वाढली. मग सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. जाड ग्रीस नको, किनाऱ्यावरची वाळू आणि धूळ त्यात बसते आणि ते पॉलिश पेपरसारखं घासू लागतं. सिलिकॉन ग्रीस प्लॅस्टिक आणि रबराला त्रास देत नाही.

बसवताना नळीची खाच अडणीत नीट बसली आहे का, ते मुंडकं लावण्याआधीच रिंग उचलून आणि रिव्हर्स टाकून बघितलं. मग मुंडकं साडेनऊ वेढे. नऊवर ते घट्ट वाटलं पण आकडे उलटे दिसत होते. अर्धा वेढा आणखी दिल्यावर गिअरचा नकाशा सरळ आला. सरळ दिसावं म्हणून मुंडकं मागे फिरवून सैल ठेवू नये, ते चालवताना हातात येतं. सैल वाटत असेल तर नळकामाच्या टेफ्लॉन टेपचा एखाद-दुसरा वेढा आट्यांवर पुरतो. बुटाच्या गळ्याला नवा टाय, रिंगेच्या खाली बोटभर सोडून. बूट फार वर आवळला तर रिंग उचलताना तो ओढला जातो. तुटलेल्या खिट्टीच्या जागी कापडी टेपची घडी ठेवून चौकट दाबली. तीन खिट्ट्यांवर ती व्यवस्थित बसली आहे, तरी कुडाळला चौकट मिळाली की बदलायची आहे.

बॅटरी जोडली. किल्ली फिरवली. एअरबॅगचा दिवा लागला आणि काही सेकंदांनी विझला. तो विझला नसता तर मी गाडी पाणंदीबाहेर काढू दिली नसती. इंजिन बंद ठेवून रिव्हर्स दहा वेळा टाकला, मागचा पांढरा दिवा दर वेळी लागतो का ते काकूंनी मागे उभं राहून सांगितलं. चिरे काढले. गुरुजींनी स्वतः गाडी मागे घेतली, गडग्याला न लावता, रस्त्यापर्यंत.

सगळं मिळून पावणेचार तास गेले, त्यातला बराच वेळ पाण्याचे थेंब सोडण्यात. सामानाचा खर्च दीडशे रुपयांच्या आत.

चतुर्थीच्या आधी मी गाडी परत बघितली. मुंबईहून माणसं येणार, गाडी रोज पळणार, म्हणून बूट पुन्हा उलटला. नळी मोकळी, दांडी स्वच्छ, ग्रीस होतं तसं. फक्त नळीच्या खालच्या कडेला, जिथे माझा पॉलिश पेपर नीट पोचला नव्हता, तिथे तांदळाएवढा एक भगवा ठिपका होता. तो पुसून काढला. कन्सोलच्या खालचा आवाज दाबणारा नमदा मात्र अजून खारट ओल धरून आहे, उजव्या कडेला हात लावला की गार लागतो. आगळ तिथवर उतरलं आहे. पाऊस ओसरला की दोन्ही सीट काढून तो नमदा धुवायचा आणि खालचा पत्रा बघायचा, असं गुरुजींशी ठरलं आहे.

आगळाची बाटली आता डिकीत, बादलीत उभी करून येते.